रंगूनवाल्यांची पोरं

आमच्या केळीच्या वाडीमागचा माळ कुणाच्याच कामाचा नव्हता. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत वाढायचं, दिवाळी सरली की तेही करपायचं आणि मग उरायचे ते काळे कातळ आणि बोरीची झुडपं. त्यामुळे समुद्रकाठी अणुविजेच्या केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि एका ठेकेदाराने आपल्या कामगारांच्या झोपड्यांसाठी तो माळ मागितला, तेव्हा बाबांनी तोंडात पान टाकता टाकता होकार देऊन टाकला. बघता बघता तिथे बांबू, तट्टे आणि डांबरी कागदाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आमच्या घराच्या कानांना तोवर रहाटाची कुरकुर, केळीच्या पानांची सळसळ आणि आयच्या जात्याची घरघर एवढंच ठाऊक होतं. (आईला आम्ही आय म्हणत असू. पुढे पालघरला शिकायला गेल्यावर तिथल्या मुलींनी मला ‘आई’ म्हणायला लावलं, पण घरी आल्यावर जीभ पुन्हा आपल्या वाटेला लागायची.) आता पहाट झाली की माळावरून रंध्याचा आवाज येई, ट्रक गुरगुरे, आणि बायका पोरांना हाका मारत त्या अशा भाषेत की शेवटचा स्वर वाडीच्या कुंपणापर्यंत ओढत यायचा.

गावाने त्यांना नाव ठेवलं रंगूनवाले. सगळे तेलुगू बोलणारे सुतार. त्यांचे आजे-पणजे कधीतरी ब्रह्मदेशात गेले, तिथेच घरं केली, पोरंबाळं झाली, आणि मग तिथल्या सरकारने एक दिवस दुकानं ताब्यात घेऊन यांना बोटीत बसवून दिलं. अंथरूण आणि भांडी तेवढी बरोबर नेऊ दिली, अंगावरचं सोनं बंदरावर उतरवून घेतलं. मद्रासला काही दिवस छावणीत काढले, तिथे हा ठेकेदार भेटला आणि सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटसाठी लाकडी साचे ठोकायच्या कामासाठी त्यांना इकडे घेऊन आला. आज आपण अशा लोकांना निर्वासित म्हणतो. तेव्हा बाबांनीही एकदा अप्पण्णांना, म्हणजे त्यांच्यातल्या वयस्क सुताराला, मोडक्या हिंदीत तसंच काहीसं म्हटलं. अप्पण्णांनी हातातला पटाशी-हातोडा खाली ठेवला आणि सांगितलं की माणूस आपल्या देशात परत आला तर तो निर्वासित कसा? घरी येऊन बाबांनी ते आयला सांगितलं आणि आय म्हणाली, बरोबरच हाय त्याचं.

अप्पण्णांची बायको लक्ष्मम्मा आमच्या दारात पहिल्यांदा आली ती केळीचा गाभा मागायला. घड काढल्यावर आम्ही केळ तोडून टाकायचो आणि तिचा गाभा म्हशीला घालायचो. लक्ष्मम्माने हातवारे करून, थोडं हिंदी जोडून समजावलं की तो तिला माणसांसाठी हवाय. आयने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गोरटेली, ठेंगणी बाई, गालावर कसल्याशा सालीचा पिवळट लेप, आणि कानांची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत केरसुणीच्या काड्या घातलेल्या. त्या काड्यांपाशी आयची नजर थांबली. तिने मला कोयता आणायला पाठवलं आणि स्वतः वाडीत जाऊन चांगला कोवळा गाभा कापून दिला, वर ओंजळभर सुका जवळाही बांधला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मम्मा झाकलेलं पातेलं घेऊन आली. माशाचं दाटसर कालवण, त्यात गाभ्याच्या चकत्या आणि तांदळाच्या शेवया, आणि शेजारी वाटीत लसूण-मिरची घालून तळलेला आमचाच जवळा. आयने भाकरी मोडून त्या जवळ्याबरोबर खाल्ली. मग पुन्हा घेतली. म्हशीला जे घालत होतो ते इतकं चांगलं लागतं हे आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असं ती संध्याकाळपर्यंत म्हणत होती.

मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक होऊन पालघरहून, मामाच्या घरून परतले होते. मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. बाबांचं म्हणणं होतं की एवढं पुरे झालं. वाणगावचं एक स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत होता, आणि उन्हाळ्यात उरकून टाकायचं असं मनात धरून ते मला ट्रेनिंगबद्दल बोलूच देत नव्हते. म्हणून मी दिवसभर ओटीवर बसून तांदूळ निवडायची आणि माळावरची पोरं बघायची. आईबाप कामावर गेले की ती पोरं मोकाट. थोडी मोठी झालेली तर आईच्या मागून घमेली उचलायला जात. लक्ष्मम्माची थोरली राजम्मा अकरा वर्षांची असेल, अजून गेली नव्हती, कारण धाकटी चिन्नी तिला सोडत नसे. चिन्नी बोटीत बसल्यापासून बोलेनाशी झाली होती. आमच्या गोठ्यात येऊन म्हशीजवळ उभी राहायची, एवढंच.

एक दिवस राजम्मा आमच्या अंगणातल्या ओल्या मातीत काडीने काहीतरी काढत बसली होती. गोल, अर्धे गोल, एकमेकांत अडकलेले गोल. मला वाटलं रांगोळी. मी जवळ गेले तर तिने एकेका गोलावर बोट ठेवून आवाज काढून दाखवले. ती अक्षरं होती. ही मुलगी रंगूनला चार इयत्ता शिकली होती, तिला तिथल्या ब्रह्मी भाषेत धडाधड वाचता येत होतं, आणि आमच्या गावात ती अंगठेबहाद्दर म्हणून मोजली जात होती. मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येत नाही. राग म्हणावा तर कुणाचा, तेही कळेना. मी तांदळाचं सूप तसंच ठेवलं, लक्ष्मम्मा कामावरून येईपर्यंत थांबले, आणि दुसऱ्या सकाळी तिला, तिच्या दोघी मुलींना आणि आणखी पाच-सहा पोरांना घेऊन शाळेत गेले.

आमच्या शाळेचे हेडमास्तर घाटावरचे. माणूस शिस्तीचा, धोतर कडक इस्त्रीचं, अक्षर छापल्यासारखं. त्यांनी पोरांकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं की यांचे मागच्या शाळेचे दाखले कुठे आहेत. मी म्हटलं, समुद्रापलीकडे. त्यांना ते आवडलं नाही. ही पोरं आज आहेत, उद्या नाहीत, यांना एक अक्षर मराठी येत नाही, तपासणीला साहेब आले की वर्गाचं नाक कापलं जाईल, असं सगळं ते न चिडता बोलले. शेवटी मला वाटेला लावण्यासाठी म्हणाले, आधी मराठी शिकवून आण, मग बघू. ते बोलून गेले, मी मात्र तेच धरून बसले.

केळी पिकत घालायची आमची खोली वाडीच्या तोंडाशी होती. तिथेच मी शाळा मांडली. पाटी एकच होती, माझी जुनी. बाकी सगळं वाडीत होतं. पान, फणा, घड, विळा, दोर, चिखल, म्हैस. वस्तू हातात द्यायची, नाव सांगायचं, मग ते नाव मातीत लिहायचं. मला पालघरचं शुद्ध मराठी येत होतं, पण चिखलात उभं राहून कुणी ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणतं का? माझ्या तोंडून घरचंच निघायचं. शिवाय मधून मधून आय यायची, कपाळावरचा घाम पुसत एखाद्या पोराला दटावायची, आणि पोरं तिचंच बोलणं सगळ्यात आधी उचलायची, कारण ती शिकवत नव्हती, बोलत होती. राजम्माने बाराखडी इतक्या झपाट्याने संपवली की मला दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या रात्री वाचून ठेवावा लागे. चिन्नी मात्र गप्पच. एका दुपारी गोठ्यातून खणखणीत आवाज आला, ‘सरक तिकडं, सरक!’ जाऊन पाहिलं तर चिन्नी म्हशीच्या कुशीवर दोन्ही तळवे टेकवून तिला ढकलत होती. अगदी आयच्या सुरात. लक्ष्मम्माला सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली.

भादव्यात मी पोरांना घेऊन पुन्हा शाळेत गेले. सगळ्यांनी अंघोळ केली होती, केसांना आमच्याकडचं खोबरेल लावलं होतं. हेडमास्तरांनी राजम्माला तिचं नाव-गाव विचारलं. ती ताठ उभी राहिली.

‘माजं नाव राजम्मा हाय. आमी रंगूनवरून आलो. आता इते ऱ्हातो. आमाला शालेत बसायचं हाय.’

हेडमास्तर हसले. वर्गातल्या दुसऱ्या मास्तरांकडे बघून हसले, त्याचं मला जास्त लागलं. मग मला म्हणाले, हे काय मराठी झालं? हाय आणि नाय म्हणणाऱ्याला माझ्या शाळेत जागा नाही.

वर्गात बसलेली सगळी पोरं आमच्याच गावची. त्यांतलं एकही पोर घरी ‘आहे’ म्हणत नव्हतं. मास्तर आले की म्हणायचं, पाठ फिरली की सोडायचं. मी म्हटलं, ‘मग गुरुजी, आत बसलेत त्यांनाही बाहेर काढा.’ ते म्हणाले, तू आता घरी जा. मी पोरांना घेऊन बाहेर पडले, पण घरी गेले नाही. वर्गाच्या खिडकीखाली शाळेच्या भिंतीला लागून सावली होती. तिथे पोरांना बसवलं आणि आत जो धडा चालला होता तोच बाहेर सुरू केला. आत कविता म्हणत, आम्ही बाहेर म्हणायचो. आत पाढे, तर बाहेर पाढे. आमचा आवाज लहान नव्हता.

हेडमास्तरांनी खिडक्या लावून घेतल्या. लवकरच आश्विनातलं ऊन सुरू झालं. आमच्याकडे त्या दिवसांत पाऊस थांबलेला असतो, वारा पडलेला असतो आणि जमिनीतून वाफ निघते. कौलाखालच्या त्या कोंदट वर्गात आतली पोरं घामाने भिजून चिंब व्हायची. बाहेर आम्हाला निदान हवा होती. आम्ही रोज जायचो. बाबांच्या कानावर गेलंच, कारण ते शाळा कमिटीवर होते. त्यांनी मला समोर उभं केलं आणि सांगितलं की वाणगावच्या माणसांना कळलं तर काय तोंड दाखवू. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्या दिवशी आयही आली. बरोबर चटई आणि सुपात डाळ घेऊन आली आणि भिंतीला टेकून निवडत बसली. कुणी विचारलं तर सांगायची, माजी पोर उन्हात बसलीय तं मी घरात काय करू.

मग बाबांनी मला घरात डांबलं. कडी लावली असं नव्हे, त्याची गरजच नव्हती. ते दारात आडवी खाट टाकून त्यावर बसले, आणि बापाला ओलांडून जायचं धाडस माझ्यात नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. पण शाळेची वेळ झाली आणि माळावरून पोरांची रांग निघालेली मला खिडकीतून दिसली. पुढे राजम्मा, काखेत माझी पाटी. तिने त्या दिवशी एकटीने वर्ग घेतला. पुढचं मला आयने सांगितलं, तिला बाबांनी अडवलं नव्हतं. बाहेर राजम्मा कविता म्हणवून घेत असताना एका कडव्यावर अडली. पुढची ओळ आठवेना. तेव्हा आतून खिडकीचं एक दार उघडलं आणि शेजारच्या कमळाकाकीच्या मधूने डोकं बाहेर काढून ती ओळ सांगितली. हेडमास्तरांनी त्याला छडीने मारलं. हातावर वळ उठले.

कमळाकाकी बोईसरच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या तोंडाला लागायला फौजदारसुद्धा बिचकत असे. ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून शाळेत गेली आणि हेडमास्तरांना विचारलं की माझ्या पोराने चोरी केली का. पुढची ओळ येते म्हणून मारायची ही कुठली रीत? तिच्या आवाजाने निम्मं गाव गोळा झालं, आणि मग कमिटी बोलावल्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात कमिटी बसली. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांमागे. हेडमास्तर नियम सांगत होते आणि खरं सांगायचं तर नीट सांगत होते. दाखला नाही, वय लिहायचं कशावरून, उद्या वरून विचारणा झाली तर जबाबदार कोण. म्हातारी मंडळी माना डोलवत होती. अप्पण्णा पायरीवर बसले होते, त्यांना यातलं फार थोडं कळत होतं. हेडमास्तर भाषेच्या मुद्द्याकडे न वळता कागद आवरू लागले, तेव्हा मला भीती वाटली की आता उठतील सगळे. मी खांबाआडून पुढे झाले. पुरुषांच्या बैठकीत लग्नाची मुलगी बोलते हे त्या देवळाने तोवर पाहिलं नव्हतं.

‘गुरुजी, त्या दिवशी मला जे सांगितलंत ते इथे सांगा,’ मी म्हटलं. ‘हाय आणि नाय म्हणणाऱ्याला तुमच्या शाळेत जागा नाही, असं म्हणालात.’

हेडमास्तर खोटं बोलणारे नव्हते, एवढं त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. ते म्हणाले, ‘म्हणालो. शाळेने गावंढळ बोली शिकवायची नसते. त्यात चुकीचं काय?’

सभामंडपातला सुपारी कातरायचा आवाज थांबला. मग बाबांनी मंडपाबाहेर पान थुंकलं, गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘गुरुजी, मंग आमी कुटं बसावं?’

हेडमास्तरांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी सतरंजीवरच्या एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. बाबा पुढे म्हणाले, ‘पोरं माज्या मालावर ऱ्हातात. पालक म्हणून माजं नाव लिवा. वरनं कोन विचारायला आला तं माज्याकडं धाडा.’ आणि खाली बसले. ठराव वगैरे काही झाला नाही. सोमवारी सकाळी पोरं आत जाऊन बसली.

बाबा त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना भर सभेत बोलायला लावलं याचा राग होता की आपण बोललो याचं अवघडलेपण, मला आजही ठरवता येत नाही. वाणगावची माणसं मागे फिरली. देवळात पुरुषांपुढे तोंड उघडणारी मुलगी त्यांना नको होती. आयने हे ऐकलं, चुलीवरची भाकरी उलटली आणि म्हणाली, बरं झालं. पुढच्या जूनमध्ये बाबा स्वतः मला ट्रेनिंगला पोचवायला आले. उतरताना माझी पेटी त्यांनी माझ्या हातून घेतली. मी नंतर उभा जन्म मास्तरकी केली. आमच्या पट्ट्यातल्या डोंगरपाड्यांवरची, समुद्रकाठची, पुढे कारखाने आल्यावर सालवडला राहायला आलेल्या परक्या मुलखातल्या कामगारांची, कुठली कुठली पोरं माझ्या वर्गात बसली. ‘आहे’ मी सगळ्यांना शिकवलं, कारण ते परीक्षेत लागतं. पण ‘हाय’ म्हटलं म्हणून एकालाही हसले नाही आणि माझ्या वर्गात कुणाला हसू दिलं नाही. या एका गोष्टीवरून माझी दोन हेडमास्तरांशी भांडणं झाली. त्या भांडणांचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

राजम्माला आधी पहिलीत, सहा वर्षांच्या पोरांत बसवलं होतं. ती त्यांच्यामध्ये बगळ्यासारखी उंच दिसायची. वर्ष सरायच्या आत चौथीत पोचली. चिन्नी बोलायला लागली आणि मग थांबेचना. माळावरच्या मोठ्या पोरांनी घमेली टाकून दिली नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. घरात खाणारी तोंडं फार होती. पण शाळेच्या वेळात ती घमेल्यांना हात लावत नव्हती, आणि ठेकेदाराचा मुकादम बोलवायला आला तर कमळाकाकी त्याला वाटेतच अडवायची.

मग ठेकेदाराचं इथलं काम संपलं. आणखी कुठे, दूर दक्षिणेत, धरण बांधायचं होतं. मी सुट्टीला घरी आले होते आणि माळावर ट्रक उभे होते. झोपड्यांचे तट्टेसुद्धा उकलून वर चढवत होते. हेडमास्तर सायकल थोपवून रस्त्याकडेला उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘मी सांगितलं होतं. आज आहेत, उद्या नाहीत. तिकडे तुझं मराठी कोण विचारणार यांना?’

‘एकदा शाळेत बसलीत ती, गुरुजी,’ मी म्हटलं. ‘आता कुठल्याही शाळेच्या दारात उभी राहतील.’

ते तसं झालं की नाही, मला माहीत नाही. त्या माणसांचा पुन्हा काही ठावठिकाणा लागला नाही. धरणावर शाळा होती का, राजम्मा कुठवर शिकली, काहीच कळलं नाही. पुष्कळ वर्षं मी कुणी तेलुगू माणूस भेटला की विचारत असे. आता विचारत नाही. पण हेडमास्तरांचा तो प्रश्न बरोबर होता असं मी त्या दिवशी मानलं नाही आणि आज एवढं आयुष्य जाऊनही मानत नाही. पोर उद्या जाणार म्हणून आज त्याला दाराबाहेर ठेवायचं असेल, तर मग कुणालाच आत घ्यायला नको.

ट्रकचा ड्रायव्हर उतावीळ झाला होता. त्याला उजेड आहे तोवर मोठा रस्ता गाठायचा होता. हिंदीत ओरडून सगळ्यांना वर चढवत होता, भोंगा वाजवत होता. आय वाडीत होती, तिला कुणीतरी बोलवायला गेलं होतं. अप्पण्णा चढले, लक्ष्मम्मा चढली, चिन्नीला उचलून वर घेतलं. राजम्मा खालीच उभी. ड्रायव्हरने तिच्या दंडाला धरून तिला वर लोटायला हात पुढे केला. तिने तो झिडकारला, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

‘गप ऱ्हा जरा. आमी अजून आयला भेटलो नाय.’

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. तरी त्याने इंजिन बंद केलं.